सव्वा रुपयाचे मोल

देवापुढे सव्वा रुपया ठेवण्याचा प्रघात महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. सत्यनारायणाचा प्रसादही सव्वाच्या मापाने करतात आणि नवस बोलतानाही तोंडी सव्वाच येतो. मोजून पूर्ण झाल्यावर वर थोडे अधिक द्यावे, एवढीच त्यामागील भावना. परंतु ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे व त्याखालील सर्व नाणी चलनातून बाद झाली आणि चालू नाण्यांत नेमका सव्वा रुपया अर्पण करणे अशक्य होऊन बसले. अनेक घरांतील देवघरात जुनी पावली मात्र आजही जपून ठेवलेली आढळते. ती रुपयावर ठेवून अर्पण केली, तर देवाला सव्वा रुपया पोहोचला की एकच रुपया?

प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. त्याचे उत्तर शोधू जाता रुपयाचे मोल नेमके कशात असते, हेच आधी पाहावे लागते.

सोळाव्या शतकात शेरशाह सूराने चांदीचा रुपया पाडला, तेव्हा मोल नाण्याच्या अंगातच होते. चांदीला संस्कृतात रूप्य म्हणतात, त्यावरूनच हे नाव आले. १८३५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने ठरविलेला रुपया १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा वजनाचा होता व त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी होती. त्यापूर्वीच्या पेठांतून नाना टांकसाळींची नाणी एकत्र फिरत असत. पोतदार ती पारखून घेई, आणि नाणे झिजलेले वा परमुलखातील निघाले की सराफ त्यावर बट्टा कापून घेई. माणसाच्या नावाला बट्टा लागतो, शब्द खणखणीत वाजतो, एखादा मनुष्य कसास उतरतो, ही सारी भाषा त्याच पेढीवरून आपल्या घरांत आली आहे. माणसाची पारख करण्यास मराठी माणसाला नाण्याहून जवळचे माप सापडले नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

पुढे १९४० मध्ये रुपयातील चांदी निम्म्यावर आली व १९४७ मध्ये तो निकेलचा झाला. चांदी गेली तरी वाण्याने रुपया नाकारला नाही. मोल धातूतून निघून लोकांच्या परस्पर विश्वासात जाऊन बसले होते. १ एप्रिल १९५७ रोजी सोळा आण्यांच्या जागी शंभर नवे पैसे आले. आणे, पै यांचा हिशेब मोडला, पण चार आणे म्हणजे बरोबर पंचवीस पैसे भरत असल्याने सव्वा रुपया त्या उलथापालथीतूनही अभंग राहिला. नोटेचे तर सारे मोल वचनातच आहे. रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांच्या सहीने तेवढी रक्कम देण्याचे वचन तीवर छापलेले असते.

वचन मागे घेतले की काय होते, हे ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री सर्वांनी अनुभवले. पाचशे व हजाराच्या जुन्या नोटा रद्द झाल्या आणि ३० डिसेंबरनंतर त्या बँकांतही भरता येईनात. तथापि त्यानंतरही देशातील अनेक देवस्थानांच्या दानपेट्यांतून त्या निघत राहिल्या. एखाद्या वृद्धेने यात्रेसाठी लुगड्याच्या घडीत जपलेली नोट मुदत उलटल्यावर सापडली असेल आणि तिने ती डोळे भरून वाहिली असेल. दुसऱ्या कोणी कोठेच चालत नाही म्हणून तशीच नोट पेटीत सरकवली असेल. मोजणीच्या मेजावर दोन्ही कागद सारखेच निरुपयोगी. देणाऱ्याच्या मनात मात्र एक दान आहे आणि दुसरी अडगळ. दुकानदाराने परत केलेले झिजके नाणे किंवा चिकटवलेली नोट देवासाठी बाजूला काढणाऱ्यांनी या फरकाचा थोडा विचार करावा.

येथे श्रीकृष्णाच्या तुलेची कथा हटकून सांगितली जाते. सत्यभामेच्या अलंकारांनी न हललेले पारडे रुक्मिणीच्या तुळशीपत्राने खाली गेले. कथा गोड आहे, पण तिचा आधार घेऊन सोने देऊ शकणाऱ्याने पानावर भागवावे, असा अर्थ काढणे ही सोयीची लबाडी होय. रुक्मिणीने पान दिले ते सोने वाचवण्यासाठी नव्हे. शिवाय अन्नछत्राची डाळ बाजारभावाने येते, भक्तिभावाने नव्हे. दोन्हीला आपल्या भाषेत भाव हा एकच शब्द असला, तरी वाण्याच्या वहीत पहिलाच मांडला जातो. म्हणून जमाखर्चाच्या वहीने पहिला भाव काटेकोर मोजावा, आणि दुसरा मोजण्याच्या भरीस पडू नये. मोठ्या देणगीदाराचे नाव संगमरवरावर कोरले जाते, ते रकमेसाठी. त्याने त्यासाठी काय सोडले, हे तो शिलालेख सांगू शकत नाही.

पावलीचा प्रश्न घरोघर आपापल्या परीने सोडवला गेला आहे. कोणी सरळ दोन रुपये ठेवतात. कोणी दीड रुपया म्हणतात, कारण पन्नास पैशांचे नाणे कायद्याने अजून चालते, मात्र ते मिळणे दुर्मीळ. काही घरांत रुपयावर जुनी पावली ठेवून पूजा होते, मग रुपया पेटीत पडतो आणि पावली पुसून पुन्हा देवघरातल्या डबीत जाते, पुढच्या वर्षासाठी.