झोपेचं खोबरं

माझा चुलतभाऊ सातारा जिल्ह्यात ऊस करतो. काल झोप झाली का, असं त्याला विचारलं की तो लाईट कधी होती ते सांगतो. शेतीपंपाची थ्री फेज वीज त्यांच्याकडे पाळीनं येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात हा बॅटरी आणि काठी घेऊन दारं धरायला जातो. एका सरीचं पाणी दुसरीकडे वळवायचं, मोटरच्या आवाजाकडे एक कान ठेवायचा आणि दुसरा बिबट्याकडे. सकाळी धारा काढायच्या असतातच. मग दुपारी चार तास पडतो आणि म्हणतो, "भरून निघाली."

ती भरून निघत नाही. शरीराचं घड्याळ उजेडावर लावलेलं असतं. ते पेशीच्या आत कसं चालतं, हे फळमाशीच्या जनुकांतून उलगडणाऱ्या तिघांना 2017 साली नोबेल मिळालं. रात्री शरीराचं तापमान उतरतं, मेलाटोनिन वाढतं. झोपेलाही आतून घडण असते. पहिल्या काही तासांत गाढ झोप जास्त, पहाटेकडे स्वप्नांची जास्त. दुपारी, ऊन-माशा-फोन यांच्यात, ही घडी बसत नाही. त्यात पाळी दर आठवड्याला फिरणारी. घड्याळ नव्या वेळेला रुळू लागतं तोवर आठवडा संपलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2007 मध्ये रातपाळीच्या कामाला 'बहुधा कर्करोगकारक' म्हटलं आणि 2019 मध्ये पुन्हा तपासून तो शेरा कायम ठेवला.

साखरेचंही तेच. शिकागोतल्या संशोधकांनी 1999 साली अकरा धडधाकट तरुणांना सहा रात्री चारच तास झोपू दिलं. रक्तातली साखर हटवण्याचा त्यांचा वेग स्पष्ट मंदावला. अकराच माणसं, हे खरं. पण पुढच्या अभ्यासांनीही बोट तिकडेच दाखवलं. पोटाचा घेर बघून आपण भातावर संशय घेतो, उशीकडे बघत नाही.

तासांचा हिशेबही फसवा असतो. घरात कुणी डाराडूर घोरत असेल तर आपण कौतुकानं म्हणतो, काय गाढ झोप लागलीय! त्यातल्या काहींचा घसा झोपेत वरचेवर मिटतो, श्वास थांबतो, रक्तातला प्राणवायू उतरतो आणि मेंदू दचकून त्यांना क्षणभर जागं करतो. रात्रीतून शेकडो वेळा असं झालं तरी सकाळी त्यातलं काही आठवत नाही. आठ तास अंथरुणात काढून माणूस मीटिंगमध्ये पेंगतो, रक्तदाबाच्या गोळ्या वाढत जातात. घोरणं थांबून पुन्हा हुंदक्यासारखं सुरू होत असेल तर थट्टा पुरे, डॉक्टर गाठावा.

इथवर वैद्यकाचं झालं. माझं भांडण पुढच्या उपदेशाशी आहे. मोबाइल लांब ठेवा, दहाला निजा, दूध प्या. सगळं बरोबर, पण हे ज्याची रात्र स्वतःच्या ताब्यात आहे त्याच्यासाठी. चरकसंहितेनं आहार आणि ब्रह्मचर्याबरोबर निद्रेला शरीराचा आधारस्तंभ म्हटलं. तो स्तंभ हलवणारे हात बहुतेकदा दुसऱ्याचे असतात. वीज रात्री सोडणारं वेळापत्रक, पाळी बदलणारा कारखाना, खिडकीखाली लागलेला डीजे. निवासी भागात रात्री 45 डेसिबलची मर्यादा 2000 च्या नियमांत लिहिलेली आहे. ती पाळायची म्हणजे शंभर नंबर फिरवणाऱ्यानं शेजाऱ्यांचा राग पत्करायचा.

न्यायालयांना हे आपल्याआधी उमगलं, असं म्हणावं लागेल. दिल्लीच्या रामलीला मैदानावर 2011 साली झोपलेल्या जमावावर पोलीस चालून गेले. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 2012 मध्ये झोप जगण्याच्या मूलभूत हक्कात धरली. एका 64 वर्षांच्या माणसाची ईडीनं रात्रभर चौकशी केली, तेव्हा 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं झोपेचा हक्क ही माणसाची मूलभूत गरज असल्याचं सांगून कान टोचले. दोन्ही वेळा समोर सरकार होतं, म्हणून निकाल लागले. घरातल्या खटल्यांना कोर्ट नाही.

कारण झोपेचं खोबरं घरातही होतं, आणि बहुतेक वेळा एकाच माणसाच्या झोपेचं. तान्ह्याला रात्री घेणारी तीच, म्हाताऱ्यांच्या हाकेला उठणारी तीच, डब्यासाठी पाचचा गजर तिचाच. ती कधी आडवी पडली तर आपण विचारतो, बरं नाही का? माझी आई साठीपर्यंत 'मला झोपच कमी लागते' असं सांगत असे. वडील गेल्यावर, सून स्वयंपाकाला लागल्यावर, ती सातपर्यंत निवांत झोपू लागली. कमी लागत नव्हती, मिळत नव्हती. हे मला तेव्हा सुचलं नाही याची लाज वाटते. सून किती वाजता उठत होती, हे तर मी तेव्हाही विचारलं नाही.

तर यंदाच्या नरक चतुर्दशीला बघा, पहिल्या अंघोळीचं पाणी तापवायला पहाटे चारला कोण उठतंय. ते माणूस दरवर्षीचंच असेल, तर या वेळी गजर आपल्या उशाशी लावून घ्या आणि तिला हाक मारू नका.