मनोऱ्याला कोण माहीत असतं?

सिंहगडावर बहुतेक माणसं दूरदर्शनच्या मनोऱ्याकडे पाठ करून पिठलं-भाकरी खातात. पुण्यातून मात्र गड ओळखू येतो तो त्या मनोऱ्यामुळेच. 2 ऑक्टोबर 1972 ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि त्याचे कार्यक्रम पुढे इथून पुण्याला मिळू लागले. मी गेलो तो खास हा मनोरा बघायलाच. कुंपणाबाहेरून.

दूरचित्रवाणीच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात, म्हणून उंची लागते. मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढून चारने गुणलं, की पल्ला किती किलोमीटर त्याचा अंदाज येतो. गड पुण्यापेक्षा सुमारे साडेसातशे मीटर उंच. म्हणजे शंभर-एकशेदहा किलोमीटर. एवढ्या टापूत अँटेना कुणी लावली, त्याचं नाव-गाव काय, हे मनोऱ्याला कळतच नाही. परतीचा रस्ताच नाही.

मी नोकरीत लिहितो ते सॉफ्टवेअर उलटं चालतं. आधी तू कोण ते सांग, मग ओटीपी, मग सेवा. आमच्या शिरूर कासार तालुक्यातून दरवर्षी माणसं ऊसतोडीला जातात. रेशन दुकानात त्यांना अंगठा लावावा लागतो, आणि कोयत्याने घासलेला अंगठा मशीनला दरवेळी पटतोच असं नाही. फडाजवळच्या कोपीत रेडिओने कधी कुणाचा अंगठा मागितला नाही.

मग न ओळखता देणं जास्त न्यायाचं? मला बराच काळ तसंच वाटायचं. पण शिरूर कासार सिंहगडापासून दीडशे किलोमीटरहून लांब आहे. आम्ही त्याच्या पल्ल्यात नव्हतो, आणि हेही त्याला कळायची सोय नव्हती. डोंगराआडच्या घरात पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसायच्या, मनोरा आपला निवांत. कुठे पोचत नाही हे आधी कुणीतरी मोजावं लागतं, तेव्हा कुठे अंबाजोगाईला दुसरा मनोरा उभा राहतो.

‘पोचलं का?’ आणि ‘तू कोण?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आमच्या धंद्यात ते एकत्र विचारले जातात, कारण माहिती साठवायला आता फारसा खर्च येत नाही. आणि उत्तर ऐकलं जातं ते बहुधा दुसऱ्याचंच. ओळख पटवण्याच्या एका प्रणालीची आकृती समोर होती, तेव्हा मी विचारलं, अंगठा जुळला नाही तर तो माणूस पुढे कुठे जातो? त्या चौकोनातून एकही बाण बाहेर निघत नव्हता.

‘पुन्हा प्रयत्न करा असा मेसेज दिसतो ना,’ उत्तर आलं.