हार घालता, मग हप्ताही भरा

मालेगावचा किंवा सिन्नरचा एखादा तरुण गवंडीकामासाठी आखातात निघतो. दहावी झालेली नसल्याने त्याचा पासपोर्ट ‘ईसीआर’, म्हणजे परदेशी नोकरीआधी सरकारी परवानगी लागणाऱ्या वर्गातला असतो, आणि मग विमा उतरवल्याशिवाय सरकार त्याला नोकरीसाठी देशाबाहेर जाऊ देत नाही. ‘प्रवासी भारतीय विमा योजना’ २००३ पासून चालू आहे. दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५ रुपये एवढ्या हप्त्यात अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी दहा लाखांचे संरक्षण मिळते. योजनेत उणिवा असतील, पण परक्या मुलखात या माणसाचे काही बरेवाईट झाले तर घरच्यांनी कोणाच्या तोंडाकडे पाहायचे, हा प्रश्न कोणाला तरी पडला आणि त्याचे उत्तर कायद्यात उतरले. दहीहंडीच्या थरांवर चढणाऱ्या पोरांचेही तसेच झाले. हात-पाय मोडून घरी बसलेल्या गोविंदांची दुःखे वर्षानुवर्षे पाहिल्यावर २०२३ साली राज्य सरकारने ५० हजार गोविंदांचा विमा प्रत्येकी ७५ रुपयांच्या हप्त्यात उतरवला.

याच नाशिक जिल्ह्यातून कोणी आफ्रिकेतल्या शाळेत शिकवायला जातो, कोणी भूकंपग्रस्तांच्या छावणीत रुग्ण तपासायला, कोणी परदेशातल्या साधनाकेंद्रात स्वयंपाकघर सांभाळायला. ही माणसे शिकलेली, पगारावर न जाणारी, म्हणून कायदा त्यांना काही विचारत नाही. संस्थाही बहुधा विचारत नाही. निरोप समारंभ मात्र दणक्यात होतो. शाल, श्रीफळ, हार, फोटो, दुसऱ्या दिवशी स्थानिक पानावर बातमी. आणि या माणसाच्या खिशात विम्याचा कागद आहे का, असे त्या मांडवात कोणी विचारले तर सगळे त्याच्याकडे असे पाहतात, जणू त्याने लग्नघरात तिरडीचा विषय काढला.

मला या वृत्तीशीच भांडायचे आहे. आपल्या जिल्ह्याला सेवेचे कौतुक मोठे, आणि ते रास्तही आहे. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून विपश्यनेची शिबिरे चालतात आणि तिथली भांडी घासण्यापासून वेळेची घंटा वाजवण्यापर्यंतची कामे धम्मसेवक विनामोबदला करतात. त्या परंपरेची जगभरची केंद्रे अशाच सेवेवर उभी आहेत. म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, राज्यभरातले डॉक्टर त्याची पदवी घेऊन बाहेर पडतात आणि त्यातल्या काहींच्या मनात कुठेतरी दूर जाऊन उपयोगी पडावे असे असते. ही ओढ चांगलीच आहे. तिच्यावर चढलेला भाबडेपणाचा मुलामा तेवढा खरवडायला हवा.

‘चांगल्या कामाला निघालो आहे, मला काय होणार?’ हे वाक्य आपण किती सहज बोलतो! आणि त्यावर कोणी शंका काढली की ठरलेले उत्तर येते: डॉक्टर कोटणीसांनी विमा काढला होता का?

तर कोटणीसांबद्दलच बोलू. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून बोटीने चीनला निघाले. काँग्रेसने पाठवलेल्या त्या वैद्यकीय पथकात पाच जण होते: अटल, नागपूरचे चोळकर, बसू, मुखर्जी आणि कोटणीस. जपानी फौजांशी झुंजणाऱ्या मुलखात ते गेले, म्हणून व्ही. शांताराम यांनी १९४६ साली काढलेल्या चित्रपटापासून आजतागायत आपल्या डोळ्यांपुढे तोफांचा धूरच येतो. पण त्या पाचांचे पुढे काय झाले ते पाहा. मुखर्जींना आणि पुढे अटलांना प्रकृतीमुळे परतावे लागले. कोटणीस राहिले. चीनमध्ये असतानाच इकडे वडील वारले, तरी ते परतले नाहीत. १९४१ मध्ये बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले, त्याच वर्षी क्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचा अंत झाला. वय ३२. मुलगा इनह्वा तेव्हा साडेतीन महिन्यांचा होता. ज्यांचे नाव त्या रुग्णालयाला दिले होते ते कॅनडाचे नॉर्मन बेथून तरी कशाने गेले? शस्त्रक्रिया करताना बोटाला जखम झाली, ती चिघळली, रक्तात विष भिनले, आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी ते गेले.

युद्धभूमीवर गेलेल्या या माणसांना गाठले ते आजारपणाने आणि बोटाच्या एका जखमेने. परदेशातल्या सेवेतला धोका बहुतांशी असाच घरगुती, बिनशौर्याचा असतो: पाण्यातून आलेला विषमज्वर, मलेरिया, रस्त्यावरचा अपघात, न्हाणीघरात पाय घसरून मोडलेला खुबा, छातीत आलेली कळ. प्रवास विमा नेमका यासाठीच असतो. युद्ध तर बहुतेक पॉलिसींत आधीच वगळलेले असते. तेव्हा कोटणीसांचे नाव पुढे करून विम्याची टिंगल करणाऱ्याने त्यांचे चरित्र शेवटपर्यंत वाचलेले नसते. त्यांच्या काळी असा विमा मिळण्याची सोयच नव्हती. आज ती आहे, तरी ती न घेण्याला त्याग म्हणायचे, हे मला पटत नाही. तो निष्काळजीपणा आहे, आणि त्याचे बिल दुसऱ्याच्या दारात जाते.

ते बिल कोणाकोणाकडे जाते? आधी घरच्यांकडे. अतिदक्षता विभागातले काही दिवस, सोबत परिचारिका देऊन विमानातून आणणे, आणि सर्वांत वाईट प्रसंगी मृतदेह मायदेशी आणणे, यात मध्यमवर्गीय घराची आयुष्यभराची शिल्लक धुऊन निघते. मग व्हॉट्सअॅपवर वर्गणीचे आवाहन फिरते. वकिलातीकडे ‘भारतीय समुदाय कल्याण निधी’ आहे, २००९ पासून अडलेल्या भारतीयांना त्यातून मदत होते, पण तो निधी खरोखरच्या निर्धनांसाठी आहे. आखातात फसलेल्या मोलकरणीच्या वाट्याचा पैसा नाशिकच्या निवृत्त अधिकाऱ्याने केवळ पॉलिसी काढायचा कंटाळा केला म्हणून वापरायचा का?

आणि दुसरे बिल जाते ज्यांची सेवा करायला गेलो त्यांच्याकडे. हे आपल्या लक्षातच येत नाही. नेपाळमध्ये २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर मदतीला माणसे धावली, आणि १२ मे रोजी ७.३ तीव्रतेचा दुसरा मोठा धक्का बसला. तुर्कस्तानात ६ फेब्रुवारी २०२३ ला पहिल्या हादऱ्यानंतर नऊ तासांतच जवळपास तेवढाच मोठा दुसरा हादरा आला. अशा ठिकाणी रुग्णालयातली खाट सोन्याच्या मोलाची असते. बाहेर हलवण्याची काहीही सोय न करता गेलेला स्वयंसेवक आजारी पडला की ती खाट तो अडवतो, तिथल्या डॉक्टरांचा वेळ खातो, एखादी गाडी त्याच्यासाठी अडकून पडते. मदत करायला गेलेला माणूस मदत मागणाऱ्यांच्या रांगेत उभा राहतो, आणि परका पाहुणा म्हणून लोक त्याला रांगेत पुढेही सोडतात.

आता विमा काढतात ते कसा काढतात, तेही सांगायला हवे. शरणपूर रोडवरच्या एका प्रतिनिधीच्या टेबलाशी मी बसलो असताना समोर एक निवृत्त शिक्षिका होत्या. केनियातल्या शाळेत काही महिने शिकवायला निघालेल्या. प्रतिनिधी त्यांचाच जुना विद्यार्थी. प्रवासाचा उद्देश या रकान्यात पर्यटन, व्यवसाय, शिक्षण असे पर्याय होते. बाई म्हणाल्या, “अरे, पण मी फिरायला चालले नाहीये.” तो म्हणाला, “बाई, हॉलिडेच टाकतो, सगळे तेच टाकतात.” पुढचा रकाना आजारांचा. बाईंच्या पिशवीत साखरेच्या गोळ्यांची पट्टी दिसत होती. “नाही असं लिहू या, उगीच हप्ता वाढतो,” तो प्रेमानेच म्हणाला. ज्या बाईंनी त्याला शुद्धलेखनाची एक चूक माफ केली नसेल, त्या बाईंनी दोन खोट्या उत्तरांखाली सही केली.

दोघांच्याही मनात पाप नव्हते, हे मी मान्य करतो. पण या कागदाचा उपयोग काय? दावा आला की कंपनी पहिल्यांदा हाच फॉर्म काढते. साखर लपवली होती हे रुग्णालयाच्या पहिल्या टिपणातच दिसते. सहलीची पॉलिसी घेऊन बांधकामावर वीट उचलताना पाठ मोडली, तर अंगमेहनतीचे काम अनेक पॉलिसींत वगळलेले असते. डॉक्टरच्या हातून उपचारात चूक झाली तर ती जबाबदारी प्रवास विम्यात येत नाही, तिचा विमा वेगळा. हिमालयातल्या छावणीला जायचे तर किती उंचीपर्यंत संरक्षण आहे ते वाचावे लागते. आधीपासूनचा आजार खरा सांगितला तर हप्ता वाढेल, कदाचित त्या आजारापुरते जिवावरच्या प्रसंगाचेच संरक्षण मिळेल. पण तेवढे तरी खात्रीचे असेल. व्हिसाचेही तेच. पर्यटक म्हणून शिक्का घ्यायचा आणि आत जाऊन काम करायचे, मग ते काम फुकट का असेना, हे बऱ्याच देशांत नियमाविरुद्ध आहे. सेवेची सुरुवात दोन खोट्या सह्यांनी झाली तर तिला पुण्यकर्म म्हणताना जीभ थोडी अडखळायला हवी.

दोष एकट्या त्या बाईंचा नाही. विमा कंपन्यांनी फॉर्मवर ‘स्वयंसेवा’ असा सरळ रकाना का ठेवू नये? वगळलेल्या गोष्टींची यादी मराठीत, डोळ्यांना दिसेल अशा अक्षरांत का देऊ नये? त्यांच्या जाहिरातींत हरवलेल्या बॅगांची केवढी काळजी असते! दावा अन्यायाने फेटाळला गेला तर नाशिककरांना पुण्याच्या विमा लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते, हेही किती जणांना ठाऊक आहे? आणि लोकपाल तरी खोटे भरलेल्या फॉर्मला काय करणार?

खरी जबाबदारी मात्र मी पाठवणाऱ्यावर टाकतो. संयुक्त राष्ट्रांची स्वयंसेवक योजना आपल्या माणसांना आरोग्य, आयुर्विमा आणि अपंगत्वाचे संरक्षण देते. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ आपल्या माणसांचा विमा उतरवूनच त्यांना पाठवते. या संस्था अनुभवाने शिकल्या आहेत. आपल्याकडची मंडळे आणि ट्रस्ट म्हणतात, “आमच्याकडे पैसा कुठे आहे?” काही आठवड्यांच्या पॉलिसीचा हप्ता साधारण प्रकृतीच्या माणसाला विमानाच्या तिकिटापुढे किरकोळ असतो. अमेरिका-कॅनडाला जास्त, वय साठीच्या पुढे गेले की आणखी जास्त, हे खरे. पण ज्या संस्थेला तो परवडत नाही तिने माणूस पाठवू नये. निरोप समारंभाचा मांडव परवडतो तिथे हप्ता परवडत नाही, हा हिशेब मला कोणी तरी समजावून सांगावा. शेंगेन देशांच्या व्हिसासाठी किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा दाखवावाच लागतो, तेव्हा हेच ट्रस्ट तो मुकाट्याने काढतात. युरोपच्या दूतावासाने डोळे वटारले की पैसे निघतात, आपल्याच माणसाच्या मायेपोटी निघत नाहीत.

काही जण म्हणतील, एवढा विचार करत बसलो तर कोणी जाणारच नाही. उलट, आज जे जात नाहीत त्यांतले कितीतरी घरच्यांच्या भीतीने जात नाहीत. रुग्णालयात सेवेला जाणाऱ्या तरुण नर्सला सुई टोचली तर एचआयव्हीविरुद्धची औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि पुढे २८ दिवस चालतात. ती औषधे तिथे कोण देणार, खर्च कोणाचा, फोन कोणत्या क्रमांकावर करायचा, हे लिहून दिलेले असेल तर तिची आई निर्धास्त होईल असे नाही, पण निदान तिला वाट अडवायला कारण उरणार नाही. ‘देव तारी त्याला कोण मारी’ ही म्हण मी टाकून द्या म्हणत नाही. मात्र ती म्हणणाऱ्या विश्वस्तांनी संस्थेच्या इमारतीचा आणि गाड्यांचा विमा उतरवलेला असतो, एवढे लक्षात ठेवावे.

नाशिकला धर्मादाय सहआयुक्तांचे कार्यालय आहे आणि दरसाल ट्रस्टांचे हिशेब तिथे जातात. जो ट्रस्ट माणसे परदेशी सेवेला पाठवतो त्याच्या हिशेबात ‘स्वयंसेवकांचा विमा’ अशी एक ओळ असावी, आणि ती कोरी असेल तर खुलासा मागावा. यासाठी नवा कायदा येईपर्यंत थांबायचे कारण नाही. विश्वस्तांना ठराव करून उद्यापासून हे सुरू करता येईल. तोवर जाणाऱ्याच्या घरच्यांनी थोडे निगरगट्ट व्हावे. निरोपाच्या कार्यक्रमाचे निमंत्रण द्यायला मंडळी घरी येतील तेव्हा चहा द्यावा आणि पॉलिसीची प्रत मागावी: रक्कम किती, काम म्हणून काय लिहिले आहे, आजार खरे लिहिले आहेत का, परत आणण्याचा खर्च धरला आहे का, वारस म्हणून कोणाचे नाव आहे. प्रत नसेल तर समारंभाची तारीख पुढे ढकलायला सांगावे.