‘आम्ही’ म्हणजे कोण?

आषाढीच्या वाटेवर आपण सर्वांनी एक गोष्ट पाहिली आहे. आपल्या दिंडीच्या शेजारून कानडी मुलखातील वारकऱ्यांची दिंडी जाते. त्यांचे बोलणे आपल्याला निम्मे कळते, निम्मे कळत नाही. तरी ‘तुम्ही कुठले, अन् इथे कसे?’ असे त्यांना कोणी विचारीत नाही. वाळवंटात भेट झाली की ते आपल्या पाया पडतात, आपण त्यांच्या पडतो. मग वारी आटोपून घरी आल्यावर तोच कानडी, तेलुगू किंवा बिहारी माणूस आपल्या गावात मजुरीला आला, तर आपल्या तोंडून ‘परका’ हा शब्द कसा निघतो? वाचकहो, या प्रश्नाने आम्हांस पुष्कळ दिवस बेचैन केले आहे. तो आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

राष्ट्र म्हटले की एक भाषा, एक धर्म, एक पेहराव असे चित्र पुष्कळांच्या डोळ्यांपुढे येते. या मापाने मोजू गेल्यास आपला देश मापात बसतच नाही. २०११ च्या जनगणनेत १२१ कोटी माणसे मोजली गेली. दहा हजारांहून अधिक लोक बोलतात अशा भाषा १२१ भरल्या. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आरंभी १४ भाषा होत्या, आज २२ आहेत. देव वेगळे, सण वेगळे, ताटातले अन्न वेगळे. मग या सर्वांस एकत्र धरून ठेवणारे आहे तरी काय?

याचे उत्तर शोधायला फार दूर जावे लागत नाही. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीने राज्यघटना स्वीकारली. तिच्या उद्देशिकेचा पहिलाच शब्द ‘आम्ही’ असा आहे. हे ‘आम्ही’ कोण? अमुक भाषा बोलणारे, अमुक देवाला भजणारे, असे तिथे कुठेही म्हटलेले नाही. भारताचे लोक, एवढेच म्हटले आहे. आणि मग या लोकांनी न्याय, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांचा एकमेकांशी संकल्प केला आहे. आमच्या मते आपले राष्ट्रीयत्व या संकल्पात आहे. वारकऱ्याचा मुलगा वारकऱ्याच्या घरी जन्मतो खरा, पण माळ त्याला स्वतःलाच घालावी लागते आणि नेम स्वतःलाच पाळावा लागतो. देशाचेही तसेच आहे. नागरिकत्व बहुतेकांना जन्माने मिळते. तो नेम मात्र प्रत्येक पिढीला नव्याने घ्यावा लागतो.

यावर कोणी म्हणेल, ‘बुवा, हे सगळे ठीक, पण ज्याला त्याला मोकळीक दिली तर देश एक राहील कसा?’ शंका रास्त आहे. तिचे उत्तर देण्यासाठी केरळात घडलेली एक हकीकत सांगतो.

१९८५ साली तेथील एका शाळेत तीन भावंडे शिकत होती. ती ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाची. शाळेत राष्ट्रगीत सुरू झाले की ती मुले अदबीने उभी राहात, पण गात नसत. ईश्वराच्या प्रार्थनेखेरीज दुसरे असे गाणे त्यांच्या श्रद्धेत बसत नव्हते. त्यांनी कधी दंगा केला नाही की कोणाला अडथळा आणला नाही. तरीही त्यांना शाळेतून काढण्यात आले. उच्च न्यायालयात त्यांना दाद मिळाली नाही. शेवटी ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की मुलांनी राष्ट्रगीताचा अवमान केलेला नाही; त्यांना काढून टाकणे हा त्यांच्या अभिव्यक्तीच्या आणि सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्याचा भंग आहे; त्यांना शाळेत परत घ्यावे.

आता आपल्या मनाला विचारून पाहा. आपण तर गाणारी माणसे. टाळ हाती आला की गप्प बसणे आपल्याला जमत नाही. राष्ट्रगीतालाही आपला कंठ दाटून येतो. मग शेजारी कोणी मुकाट उभा राहिला तर राग येणे साहजिक आहे. पण असे समजा, की कोणी काठी घेऊन उभा आहे आणि म्हणतो आहे, ‘घे नाम, नाहीतर गावाबाहेर हो!’ त्या धाकाने घेतलेल्या नामाला आपण नाम म्हणू काय? जे नामाचे, तेच देशप्रेमाचे. ते आतून यावे लागते. तीन मुलांच्या गप्प राहण्याने देश दुबळा झाला नाही. त्यांना न्याय मिळाला, तेव्हा ‘हा देश माझाही आहे’ असे म्हणायला त्यांच्यासारख्या लहानशा पंथालाही आधार मिळाला.

याचा अर्थ कोणी काहीही करावे असा नाही. दिंडीला शिस्त असते. कोणाच्या मागे कोणी चालायचे हे ठरलेले असते, चोपदाराची काठी उठली की हजारोंचा गलबला थांबतो. त्यावाचून सोहळा चालणारच नाही. देशातही कायदा सर्वांना सारखा हवा. दुसऱ्याला मारण्याचे, लुबाडण्याचे किंवा त्याचे दार अडविण्याचे स्वातंत्र्य कोणालाही नाही. पण शिस्तीसाठी हात वर करणारा चोपदार ‘तुझी बोली कोणती, जात कोणती’ हे विचारीत फिरत नाही. त्याचे काम पावले जुळविण्याचे.

तरीही कायद्याने सगळे भागत नाही. १९४७ च्या जानेवारीत घटना समितीने मंजूर केलेल्या उद्दिष्टांच्या ठरावात ‘बंधुता’ हा शब्द नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने तो १९४८ च्या फेब्रुवारीत मसुद्यात घातला. फाळणीचा रक्तपात ताजा होता, गांधीजींच्या हत्येस महिनाही लोटला नव्हता. पुढे २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी स्पष्टच बजावले, की हजारो जातींत विभागलेले लोक आपण राष्ट्र झालो असे मानीत असतील तर तो भ्रम आहे. बंधुता नसेल तर स्वातंत्र्य आणि समता वरवरच्या रंगासारख्या ठरतील.

हे ऐकून आपण वारकऱ्यांनी दुसऱ्याकडे बोट दाखवू नये. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे. तिच्यापुढे माथा टेकून आपण आत जात होतो, आणि चोखोबांच्या वंशातली माणसे बाहेर उभी राहात होती. ते दार उघडावे म्हणून साने गुरुजींनी १ मे १९४७ पासून पंढरीत दहा दिवस उपोषण केले. देश स्वतंत्र व्हायला तेव्हा साडेतीन महिने उरले होते. एकमेकांच्या पायां पडण्याचा धर्म सांगणाऱ्या आपल्या गावीच ते उपोषण करावे लागले, ही गोष्ट आपण विसरता कामा नये. घटनेच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. मनातला विटाळ मात्र ज्याचा त्यानेच धुवायचा आहे.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडीकडची आपली मंडळी सोने-चांदी गाळण्याच्या गलाई कामासाठी पिढ्यान्‌पिढ्या देशभर गेली आहेत. तमिळनाडूत आहेत, केरळात आहेत, उत्तरेतही आहेत. तिथे ती भाड्याने घर घेतात, मुलांना तिथल्या शाळेत घालतात. भारतात कुठेही जाऊन राहण्याचा हा हक्क त्यांना घटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने दिला आहे. तिकडच्या घरमालकाने आपल्या पोराला ‘परका’ म्हणून दारातून घालविले तर आपला जीव किती तुटेल? मग आपल्या गावच्या बांधकामावर विटा वाहणाऱ्या पोराची आईही अशीच कुठेतरी वाट पाहात बसली असेल ना?

त्या पोराला आपली भाषा शिकवावी, त्याच्या बोलीतले चार शब्द आपण शिकावे. नामदेवराय पंजाबात गेले तेव्हा तिकडच्या लोकांनी त्यांना परके मानले नाही. त्यांची ६१ पदे आजही गुरु ग्रंथ साहिबात आदराने गायिली जातात. एवढे मोठे मन दुसऱ्यांनी आपल्या संतासाठी केले आहे. त्याची फेड आपल्या दारात आलेल्या माणसाशी करता येते.

‘आम्ही’ हा शब्द उच्चारताना आपण कोणाला आत घेतो आणि कोणाला बाहेर ठेवतो, हे प्रत्येकाने आपल्याशी तपासावे. यंदा वारीहून परतताना पंढरीच्या वेशीवर ही वागणूक ठेवून येऊ नका; बुक्क्याच्या पुडीबरोबर तीही घरी न्या, एवढीच विनवणी.

रामकृष्ण हरि.