विषय कोणी द्यावा?

गेल्या पावसाळ्यात उपासना संपल्यावर आमच्या मंडळीतील एक तरुण आम्हांकडे आला. तो इथेच सुरतेत समाजशास्त्राचे एम.ए. करतो. प्रबंधाला विषय हवा होता. "काका, सर विषयच देत नाहीत. तूच शोध म्हणतात. मग मार्गदर्शक कशाला?" असे तो रागानेच म्हणाला. प्रश्न मात्र रास्त आहे, आणि शब्बाथशाळेच्या शिक्षकांनीही तो मनाशी विचारून पाहावा.

आम्ही पदविका करीत होतो तेव्हा आम्हांला विषय मिळाला, पुस्तकांची यादी मिळाली, प्रकरणांची नावेसुद्धा मिळाली. आम्ही रकाने भरावे तसे ते भरले. गुण चांगले पडले. आज त्यातले एक वाक्य आठवत नाही. प्रश्न आमचा नव्हताच. पण म्हणून विद्यार्थ्याला एकट्याला सोडावे काय? पोहणे न शिकवता तापीत लोटण्यासारखेच ते.

आम्ही त्याला यान ब्रेमन यांची हकिकत सांगितली. हे डच गृहस्थ प्राध्यापक वेर्टहाइम यांचे विद्यार्थी. गुरूंचा अभ्यास इंडोनेशियाचा, शिष्याची तयारीही तिकडचीच. पण दोन देशांत वितुष्ट आले आणि ते दार बंद झाले. 1962 साली ब्रेमन आपल्या दक्षिण गुजरातच्या खेड्यांत आले. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी दुबळा जातीचा माणूस अनाविल जमीनदाराच्या शेतावर जन्मभर 'हाळी' म्हणून बांधला जाई, त्या नात्याचे पुढे काय झाले हे त्यांनी शोधले. 1974 साली त्यावर त्यांचा इंग्रजी ग्रंथ निघाला. पुढे 1978 साली त्यांनी बारडोलीच्या साखर कारखान्यांसाठी ऊस तोडायला येणाऱ्या खानदेशी मजुरांवर लिहिले. हा विषय कोणा गुरूने आम्स्टरडॅममध्ये बसून दिलेला नव्हे. गुरूने पाहायला शिकवले असेल; पाहिले शिष्यानेच.

पोर गप्प झाले. मग हळूच म्हणाले, "माझे मामा दरसाल दिवाळीनंतर नंदुरबारहून तिकडेच येतात. मामीही." मुकादमाकडून उचल घ्यायची, उसाच्या फडाशेजारी खोपी बांधायची, आणि हिशोबात नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. कॉलेजात त्याने हे कोणाला सांगितले नव्हते. लाज वाटे. "हा विषय होतो का, काका?"

आम्ही त्याला सरांकडेच पाठविले. सरांनी हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. मामांना आधी विचार, म्हणाले. ते नको म्हणाले तर विषय सोड. त्यांचे नाव, गाव कुठे यायचे नाही. आम्हांला हे विशेष वाटले. मामांच्या घामावर भाच्याला पदवी मिळणार, यातला पेच मुलाच्या ध्यानात आला नव्हता. तो दाखविणे हेच मार्गदर्शकाचे काम, आणि विषय पुरविण्यापेक्षा ते कठीण आहे.

दिवाळीनंतर तो फडावर गेला. मामा म्हणाले, लिही खुशाल. पण याने उचल फिटेल का रे?

मुलाला उत्तर सुचेना. आम्हांकडे आला, आम्हांलाही सुचले नाही. वहीत त्याने हे टिपलेच नव्हते. सरांनी मात्र सांगितले आहे की प्रबंधाच्या पहिल्या पानावर तोच प्रश्न लिही.