देहातील गाळ आणि जरेचा दोष

घरातील वडीलधाऱ्या माणसाची स्मृती मंदावली, अथवा चार पायऱ्या चढताच त्यास धाप लागू लागली, की कोणीतरी म्हणतेच, "वेळीच प्रकृतीला जपले असते, तर ही पाळी आली नसती." बोलणाऱ्याच्या मनी कळवळा असतो, तथापि त्या शब्दांत आरोपही असतो. जरा हा खरोखरच मनुष्याचा अपराध आहे काय?

देहातील पेशींत अहर्निश घडामोड चालते. प्रथिने घडतात, झिजतात, बिघडतात. ही मोडतोड पचवून तिच्यातील द्रव्य पुन्हा कामी लावणाऱ्या सूक्ष्म कोशाला बेल्जियन शास्त्रज्ञ द द्यूव यांनी १९५५ साली 'लायसोसोम' हे नाव दिले. पुढे जपानच्या योशिनोरी ओसुमी यांनी यीस्टच्या पेशी उपाशी ठेवून, त्या स्वतःचेच अंश कसे पचवितात, हे दाखविले. त्याबद्दल त्यांना २०१६ चे नोबेल पारितोषिक लाभले. त्यावरून, एकादशीने देह आतून धुऊन निघतो, असा निष्कर्ष काढणारेही निघाले. यीस्टपासून मनुष्यापर्यंतची उडी मोठी आहे. आणि साबुदाण्याच्या खिचडीने भरलेल्या पानास उपवास म्हणणे तर धाडसाचेच!

शिवाय ही सफाई कधीच पूर्ण होत नाही. लिपोफुसिन नावाचा न पचणारा, पिवळट तपकिरी गाळ मागे उरतोच. आतड्याच्या अस्तरातील पेशींची जागा काही दिवसांतच नव्या पेशी घेतात. विभागणाऱ्या पेशींचा गाळ वाटला जाऊन विरळ होतो. मेंदूतील बहुतेक चेतापेशी आणि हृदयाच्या स्नायुपेशी मात्र जागा सोडीत नाहीत. म्हणून वर्षानुवर्षांचा गाळ त्यांच्याच पदरी साचतो. यीस्टची मातापेशी अंकुर देताना बिघडलेली प्रथिने बहुतांशी स्वतःकडेच ठेवते, आणि कन्यापेशी जवळजवळ कोरी जन्मते. पेशीला माया असते असे नव्हे. पण गृहस्थास यातले काही ओळखीचे वाटावे.

हा गाळ जरेचे कारण की केवळ तिची खूण, याविषयी शास्त्रज्ञांत अद्याप वाद आहे. गाळाने भरलेल्या कोशाची पचनशक्ती मंदावते आणि त्यामुळे नवा केरही तुंबतो, हे संभवनीय दिसते. पथ्य, व्यायाम, मिताहार यांचे मोल याने उणे होत नाही. परंतु पथ्य पाळणाऱ्याच्या पेशींतही गाळ साचतोच. तो आळसाचा नव्हे, कामाचा अवशेष आहे.

पायरीवर धापा टाकीत थांबलेल्या सत्तर वर्षांच्या वृद्धाच्या हृदयातील निम्म्याहून अधिक स्नायुपेशी त्याच्या जन्मापासूनच्याच असतात. मिनिटास सत्तर ठोके धरले, तरी त्यांनी एव्हाना अडीचशे कोटींहून अधिक ठोके दिलेले असतात.