दारावर उभा राहणारा

पैसे न घेता केलेल्या कामाला आपल्या भाषेत दोन नावे आहेत. एक श्रमदान आणि दुसरे वेठ. बाहेरून पाहणाऱ्यास दोन्ही सारखीच दिसतात. माणूस घाम गाळतो, हाती काही पडत नाही आणि कामाचे फळ दुसऱ्याच्या पदरात जाते. तरीही एकाला आपण पुण्य म्हणतो आणि दुसऱ्याला अन्याय. या दोहोंमधली रेघ नेमकी कोठे आहे, हा प्रश्न मला अलीकडे ज्या ठिकाणावरून पडला, ते ठिकाण आपल्या वाचकांस काहीसे अनपेक्षित वाटेल. ते म्हणजे संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांची एक परिषद.

ब्रुसेल्स येथे दर वर्षी जानेवारीच्या अखेरीस अथवा फेब्रुवारीच्या आरंभी, एका शनिवार-रविवारी, फॉसडेम नावाची परिषद भरते. २००० च्या सुमारास ती सुरू झाली. २०२१ आणि २०२२ ही महामारीची दोन वर्षे ती केवळ संगणकाच्या पडद्यावर झाली, एरवी तिच्यात खंड नाही. ज्या आज्ञावलीचा मूळ मजकूर कोणालाही वाचता येतो, बदलता येतो आणि बदललेला पुन्हा इतरांना देता येतो, तिला मुक्त स्रोत आज्ञावली म्हणतात. अशा आज्ञावली लिहिणाऱ्यांचा आणि वापरणाऱ्यांचा हा मेळा. इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दात मुक्त आणि फुकट हे दोन्ही अर्थ कोंबलेले असल्याने त्या मंडळींना दर वेळी खुलासा करावा लागतो. आपल्याला ती अडचण नाही. आपली अडचण निराळी आहे. 'फुकट' या शब्दात आपण थोडी तुच्छता कालवून ठेवली आहे.

या परिषदेला प्रवेशशुल्क नाही, नावनोंदणी नाही, गळ्यात अडकवायचे ओळखपत्र नाही. आठ हजारांवर माणसे येतात. विद्यापीठाच्या सोलबॉश परिसरातील अनेक खोल्यांतून एकाच वेळी व्याख्याने चालतात. सर्वांत मोठे जॅन्सन सभागृह सुमारे चौदाशे आसनांचे, पण बाकीच्या बहुतेक खोल्या वर्गाएवढ्या. साहजिकच त्या भरतात. खोली भरली की दारावर तसा कागद लागतो आणि मग कोणालाही आत सोडले जात नाही, कारण आग लागली तर बाहेर पडण्याची वाट मोकळी हवी. सर्वांसाठी दार उघडे ठेवायचे, तर ते वेळेवर बंद करणारा कोणी तरी लागतो. हे काम स्वयंसेवक करतो. त्याला एक टी-शर्ट मिळतो, आणि ज्यांना आत जाता आले नाही त्यांची नाराजी मिळते.

माझी भाची तिकडे नोकरीस असते. तिने दोन वर्षे हे काम केले. रजा स्वतःची, रेल्वेचे भाडे स्वतःचे. ज्या व्याख्यानासाठी ती मुद्दाम गेली होती, नेमक्या त्याच खोलीच्या दारावर तिची पाळी आली. "मग तू ऐकलेस काय?" असे मी विचारले. ती म्हणाली, "मामा, दार लावल्यावर आतल्या टाळ्या ऐकू येतात, तेवढ्या ऐकल्या."

पंगतीत वाढणारा शेवटी जेवतो, हे आपण लहानपणापासून पाहत आलो. परंतु त्याच्यासाठी जिलबी राखून ठेवलेली असते. व्याख्यान असे राखून ठेवता येत नाही. ध्वनिचित्रमुद्रण होते आणि पुढे ते कोणालाही विनामूल्य पाहता येते, हे खरे. पण तेवढ्यासाठीच जायचे असेल, तर थंडीच्या दिवसांत ब्रुसेल्स गाठण्याचे कारणच उरत नाही.

कारण आहे, आणि ते व्याख्यानांत नाही. या लोकांचे सारे काम एरवी एकमेकांचे तोंड न पाहता चालते. म्हणूनच अशा परिषदांत एक विधी रूढ झाला होता. लोक समोरासमोर रांगांत उभे राहत, एकमेकांची पारपत्रे तपासत आणि मग परस्परांच्या सांकेतिक किल्लीला आपली ग्वाही देत. तू खरोखर तूच आहेस, एवढेच त्या ग्वाहीत सांगायचे असे. हा विधी मला एके काळी जरा बालिश वाटला असता. परंतु मार्च २०२४ मध्ये एक्स-झेड नावाच्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या एका लहानशा आज्ञावलीत चोरवाट सापडली. जिया तान या नावाने वावरणाऱ्या कोणी तरी दोन वर्षांहून अधिक काळ विनामूल्य आणि बिनतक्रार मदत करून विश्वास संपादन केला होता. ती आज्ञावली मुख्यतः एकट्याने सांभाळणारा मूळ माणूस थकून गेला होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एक नेहमीची क्रिया सुमारे अर्ध्या सेकंदाने मंदावल्याचे जाणवले, त्याने कारण शोधले, म्हणून ते कपट उघडकीस आले. जिया तान म्हणजे कोण, हे आजवर उघड झालेले नाही. हेतू कशाला पाहावा, कृती चांगली असली म्हणजे झाले, असे मानणाऱ्यांनी या प्रकरणाचा अवश्य विचार करावा. निष्काम सेवेचे बाह्य रूप इतके हुबेहूब उभे करता येते, तर सेवा ओळखायची ती कशावरून?

आक्षेपक मात्र दुसऱ्या बाजूने येतो. तो म्हणतो, हेतू शुद्ध असेल, पण फळ कोणाला मिळते ते पाहा. एप्रिल २०१४ मध्ये ओपन-एसएसएल या आज्ञावलीतला 'हार्टब्लीड' नावाचा दोष उघड झाला. जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांचे गुप्त व्यवहार ज्या आज्ञावलीवर विसंबून होते, तिला वर्षाकाठी सुमारे दोन हजार डॉलर देणगी मिळत असे आणि तिचे पूर्ण वेळ काम पाहणारा माणूस एकच होता. मग हे श्रमदान कसले? ही तर धनिकाच्या शेतावरची फुकटची कापणी.

या आक्षेपात तथ्य आहे, पण तो चुकीच्या जागी बोट ठेवतो. गावाने श्रमदानाने रस्ता केला, तर त्यावरून साखर कारखान्याचा ट्रकही जाणारच. ट्रक गेला म्हणून श्रमदानाची वेठ होत नाही. मात्र ट्रकने रस्ता खचला आणि दुरुस्तीलाही गावकऱ्यांनाच हाका मारल्या, तर त्यांना राग यावा, आणि तो राग मला पूर्णपणे न्याय्य वाटतो. फळ कोणी चाखले यापेक्षा हाक कोणी मारली आणि ती नाकारता येत होती काय, हा खरा प्रश्न आहे.

वेठ ही निव्वळ बिनपगारी होती म्हणून निंद्य नव्हती. वेठीला धरलेल्याला कधी शिधा मिळे, कधी चार पैसेही मिळत. पाटलाचा माणूस दारात आला की 'नाही' म्हणता येत नसे, हे तिचे खरे स्वरूप. आपल्या संविधानाच्या २३व्या अनुच्छेदाने बेगारीला मनाई केली. पुढे १९८२ साली, दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांसाठी राबणाऱ्या मजुरांच्या खटल्यात, न्यायमूर्ती भगवती यांनी या अनुच्छेदाचा अर्थ आणखी रुंद केला. सक्ती केवळ दंडुक्याचीच असते असे नाही. किमान वेतनाहून कमी मजुरीत राबणारा माणूस भुकेच्या सक्तीनेच राबत असतो, आणि ते कामही सक्तीचेच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले.

हा निर्णय आपल्या विषयाला अडचणीत आणतो. नोकरीच्या अर्जात एक ओळ वाढावी, एखाद्या बड्या कंपनीच्या माणसाची ओळख व्हावी, म्हणून परिषदेत राबणारा विद्यार्थी मोकळा म्हणावा काय? मला वाटते, तो अर्धाच मोकळा आहे. भाचीची गोष्ट निराळी, तिला नोकरी होती. ज्याला नाही, त्याच्या उत्साहाला श्रमदान म्हणताना जीभ थोडी अडखळली पाहिजे. त्याच्या चहा-जेवणाची आणि प्रवासाची सोय न करणारे आयोजक कितीही ध्येयवादी असोत, वेठीच्या उंबऱ्यावर उभे आहेत.

परंतु मुक्त स्रोताच्या जगात एक हक्क असा आहे, जो आपल्या सार्वजनिक जीवनात सहसा आढळत नाही. मतभेद झाला तर सगळे काम उचलून वेगळी चूल मांडण्याचा हक्क. २०१० साली ओपन-ऑफिस सोडून अनेकांनी लिब्रे-ऑफिस उभे केले, ते याच हक्काच्या बळावर. ज्याला निघून जाता येते, त्याचे राहणे हा होकार असतो. परिषदेतही ही जाणीव असते. २०२५ च्या फॉसडेमला जॅक डॉर्सी या अब्जाधीश उद्योजकाचे बीजभाषण जाहीर झाले, तेव्हा ज्यांच्या बिनपगारी कामावर ही सभा उभी आहे, त्यांच्यापुढे हे कशाला, असे काहींनी स्पष्ट विचारले. सभागृहात ठिय्या देण्याचे आवाहनही झाले. ते भाषण अखेर झाले नाही. त्या आक्षेपाशी मी सर्वस्वी सहमत नाही. पण आक्षेप घेणाऱ्यांना ते घर आपले वाटत होते, एवढे निश्चित.

आपल्याकडेही हा विचार परका नव्हता. बेंगळुरात २००१ पासून 'लिनक्स बंगलोर' आणि २००५ पासून 'फॉस डॉट इन' या नावाने जी परिषद २०१२ पर्यंत चालली, तिचे एक प्रमुख कर्ते अतुल चिटणीस (१९६२–२०१३). त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण बेळगावच्या गोगटे इन्स्टिट्यूटमध्ये झालेले. भारतीय मंडळी मुक्त आज्ञावली नुसत्या वापरतात, त्यांत भर घालीत नाहीत, ही त्यांची खंत होती. त्यामुळे ती परिषद पुढे पुढे श्रोत्यांची न राहता काम करणाऱ्यांची व्हावी, असा प्रयत्न झाला. नुसता श्रोता जमवणे सोपे असते. सहभागी माणूस घडवणे अवघड.

फॉसडेममध्ये रविवारी सायंकाळी शेवटचे व्याख्यान संपले की परिसर आवरून विद्यापीठाच्या स्वाधीन करावा लागतो. सकाळी ज्याने भाषण केले, तो सायंकाळी केर उचलताना दिसू शकतो, आणि कोणाला त्याचे विशेष वाटत नाही. आपल्याला ही रीत गाडगे महाराजांनी दाखवली होती. आधी गाव झाडायचे आणि मग कीर्तनाला उभे राहायचे. झाडणारा आणि बोलणारा एकच. महाराष्ट्राबाहेर तीन-चार पिढ्या रुजलेल्या आपल्या मंडळांत मात्र बोलणारे, ठरवणारे आणि सतरंज्या घालणारे असे तीन वर्ग कधी पडले, हे कळलेही नाही. तरुण येत नाहीत, ही तक्रार प्रत्येक वार्षिक सभेत होते. हीच भाची येथे होती तेव्हा एकाही गणेशोत्सवात खुर्च्या लावायला आली नव्हती, म्हणून मी तिला कारण विचारले. "तिथे पुढच्या वर्षी काय व्हावे, हे मला विचारतात," ती म्हणाली, "इथे फक्त खुर्च्या किती, ते सांगतात."

गेल्या महिन्यात आमच्या मंडळाकडे तीन महाविद्यालयीन मुलांचे एक पत्र आले. स्वयंसेवक व्हायला ते तयार आहेत, परंतु कार्यक्रम ठरवणाऱ्या बैठकीला बसू द्यावे आणि जमाखर्च पाहू द्यावा, अशी त्यांची अट आहे. पत्र कार्यकारिणीच्या पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेवर सातव्या क्रमांकावर आहे. सहावा विषय नव्या खुर्च्यांच्या खरेदीचा आहे.